गॅरेजमधला रियाज

हसायचं नाही, असं कबूल करत असाल तरच सांगतो. नाही जमणार? बरं, हसा. त्या दिवशी शाळेच्या अख्ख्या कॅफेटेरियासमोर माझी शोभा झाली, तिथे तुमच्यापासून काय लपवायचं! फक्त चहा संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि माझ्या मुलीसमोर हा विषय काढायचा नाही.

आळशी माणूस फसला तर आपण म्हणतो, बरं झालं, अद्दल घडली. मी मात्र प्रॅक्टिस करून फसलो हो! मन लावून, शिस्तीत, अगदी शास्त्रशुद्ध प्रॅक्टिस करून. एवढी मेहनत घेऊन इतका तोंडघशी पडलेला माणूस मॉरिसव्हिलमध्येच काय, अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनात सापडायचा नाही.

सगळ्याचं मूळ म्हणजे माझी पेटी. सांगलीला गेलो होतो तेव्हा हौसेनं घेतली, आईच्या गोधडीत गुंडाळून चेक-इन बॅगेतून आणली. चाळिशी उलटल्यावर लोकांना शुगर होते, बीपी होतं, मला पेटी झाली. दिवसभर ऑफिसचे डेटाबेस सांभाळायचे आणि संध्याकाळी सा रे ग म. केतकीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सुरुवातीला ‘छान, छान’ म्हणून चालवून घेतलं. मग एक दिवस म्हणाली, “मंदार, आपल्याला गॅरेज आहे.”

एवढंच म्हणाली. मी समजायचं ते समजलो.

तेव्हापासून मी गॅरेजमध्ये. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला गवत कापायचा लॉनमोवर, मध्ये चटई आणि चटईवर मी. जुलैत आमच्याकडचं गॅरेज म्हणजे काय असतं, ठाऊक आहे? पापड वाळत घातले तर भाजूनच निघतील. त्यात बसून भाता मारायचा! शेजारचा एक भला माणूस कुत्रं फिरवताना आमच्या दारापाशी थांबायचा, ऐकायचा, मान हलवायचा. मला वाटलं, चला, कुणीतरी कदर करणारा भेटला. एका शनिवारी तो हातात तेलाची बाटली घेऊन आला. म्हणाला, “तुझ्या गॅरेजच्या दारासाठी आणलंय. बिजागऱ्या फारच कुरकुरतात.”

तेल ठेवून घेतलं. थँक यूसुद्धा म्हटलं. दुसरं काय करणार?

पण माझं खरं दुखणं होतं ते आमची सई. सई मिडल स्कूलला आहे. या वयात पोरांना आईबाप दिसणं हाच मुळी अपमान वाटतो. सकाळी शाळेत सोडताना मला बजावते, “बाबा, डोन्ट वेव्ह.” हात हलवायचा नाही! रविवारच्या मराठी शाळेत सगळ्यांसमोर मी तिला ‘सयू’ म्हटलं, तर परत येताना गाडीत एक शब्द नाही. आणि माझी पेटी? मैत्रिणी घरी यायच्या असल्या की ही आधी जाऊन गॅरेजचं दार नीट लागलंय ना ते बघून यायची.

तर अशी ही सई एकदा जेवताना म्हणाली, “बाबा, गणपतीच्या प्रोग्रॅममध्ये आमच्या मराठी शाळेचं साँग आहे. अनघाताईला पेटी प्लेयर हवाय. मी तुझं नाव सांगितलं.”

माझा घास हातातच राहिला. “माझं?”

“हो. बट प्लीज, बाबा, डोन्ट एम्बॅरस मी. आय टोल्ड एव्हरीवन यू आर गुड.”

आता तुम्हीच सांगा, बापाला आणखी काय हवं? पोटच्या पोरीनं सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझा बाबा चांगला वाजवतो! मला खरंच भरून आलं. तिथल्या तिथे मी मनात गणपतीला सांगितलं, देवा, प्रमोशन देऊ नकोस, ग्रीन कार्ड तर तसंही तू देत नाहीसच, फक्त त्या दिवशी या पोरीची मान खाली जाऊ देऊ नकोस. बास.

गाणं होतं लेलेकाकांचं. लेलेकाका म्हणजे आमच्या मंडळातले ज्येष्ठ, रिटायर्ड हार्ट सर्जन. आयुष्यभर लोकांची हृदयं उघडली, आता कविता करून स्वतःचं उघडतात. शब्द त्यांचे आणि चालही त्यांचीच. ध्रुवपद असं होतं:

पाइनवृक्षांच्या गावी या,
बाप्पा, आमच्या घरी या!

प्रत्येक कडव्यानंतर हे ध्रुवपद. काका तेव्हा न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला मुलीकडे होते, नातवाला सांभाळायला. तिथूनच त्यांनी चाल फोनवर गुणगुणून रेकॉर्ड केली आणि मला नि अनघाताईला पाठवली. रेकॉर्डिंग केलं होतं स्वयंपाकघरात. मागे भांडी, मिक्सर, नातवाचं रडणं, काकूंचं “अहो, हळू!” आणि या सगळ्यातून वाट काढत येणारा काकांचा आवाज. मी कान देऊन ऐकलं. ध्रुवपदाच्या अगदी शेवटी, ‘घरी या’मधल्या त्या ‘या’वर, सूर झपकन वर जात होता. ग म प! मी म्हटलं, वा काका! या वयात काय जागा काढलीत!

ती जागा मी हातावर घोटून घोटून बसवली.

अनघाताई आमची मराठी शाळा चालवते. सगळी पोरं तिच्या ताब्यात. तिचा फोन आला, “मंदारदादा, तुम्ही नुसती चाल पेटीवर वाजवून पाठवता का? पट्टी मुलांना झेपते का ते बघायचंय.” मी गॅरेजमधून वाजवली, पाठवली. तिचा अंगठा आला. माझ्या लेखी विषय संपला.

आता इथे एक कबुली द्यायची आहे. मराठी शाळेच्या पालकांचा जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तो मी म्यूट केलेला होता. असं बघू नका माझ्याकडे! तुम्हीही केलाय. पार्किंग कुठे करायचं, पॉटलकला बटाटावडे कोण आणतंय, कुणाचं जॅकेट राहिलंय, आणि एकाचा वाढदिवस असला की दीडशे केक. माणूस नोकरी करेल की ते वाचेल? शिवाय केतकी वाचतेच की.

इकडे माझी प्रॅक्टिस जोरात. पण नुसत्या हौसेवर भागायचं नाही, म्हणून मी ऑनलाइन क्लास लावला होता. माझ्या शिक्षिका मुग्धा मॅडम, नागपूरच्या. वय विचारलं नाही, पण मी पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा त्या बालवाडीत असाव्यात. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका म्हणतात, आणि लागतं ते मलाच. सकाळी ऑफिसच्या आधी लॅपटॉप लॉनमोवरवर ठेवायचा आणि क्लास सुरू.

त्या म्हणाल्या, “काका, गणपतीचं गाणं वाजवा बरं.”

मी वाजवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात. मधे दोन-तीन ठिकाणी बोटं घसरली, पण मी काय थांबणारा आहे?

मॅडम म्हणाल्या, “काका, तुम्ही प्रॅक्टिस करून राहिले का टाइमपास करून राहिले?”

“प्रॅक्टिस! रोज!”

“मग चुकलं की पुढं कशाला पळता? तुमच्या मागं कोणी लागलं का? हाताला थोडी समजते, बरोबर काय अन् चूक काय! तुम्ही जे पन्नास वेळा कराल, ते तो शिकते. चूक पन्नास वेळा केली, तर चूक पक्की.”

मी म्हटलं, बोटं घसरतात हे कबूल, पण ध्रुवपद तर नीट बसलंय ना?

“तेच तर म्हणते. ते शेवटी वर कुठं चालले तुम्ही? मूळ रेकॉर्डिंग पाठवा बरं.”

पाठवलं. मॅडमनी ऐकलं. परत ऐकलं. मग पदर, म्हणजे ओढणी, तोंडाला लावली.

“काका, ही शिट्टी आहे.”

“कसली शिट्टी?”

“कुकरची. तुमचे लेलेकाका खालीच येऊन राहिले. ग रे सा. वर गेला तो कुकर.”

मी हेडफोन लावून ऐकलं. खरंच हो! काकांचा बिचारा ‘या’ खाली उतरत होता, अगदी अलगद, आणि त्याच्या डोक्यावरून कुकर सुंऽऽ करत वर. इतके दिवस मी त्या गॅरेजच्या भट्टीत बसून, घामाच्या धारा पुसत, वरण-भाताची साथ करत होतो!

खात्री करायला काकांना फोन लावला. ते तर खूशच झाले. “अरे, तेच तर सौंदर्यस्थळ आहे, मंदार! बाप्पा वरून खाली आपल्या घरी येतात, म्हणून सूर खाली येतो. ती जागा सांभाळ हं. बाकी काही इकडेतिकडे झालं तरी चालेल.”

म्हणजे बघा, जे सौंदर्यस्थळ सांभाळायचं, तेच मी उलटं टांगून ठेवलेलं. माझं अवसानच गळालं. कार्यक्रम तोंडावर आलेला, आणि चूक हातात मुरलेली.

पण मॅडम खंबीर. म्हणाल्या, पूर्ण गाणं वाजवायचंच नाही. फक्त ‘घरी या’. तेवढाच तुकडा. आधी तोंडानं म्हणायचा, मग वाजवायचा, आणि इतका सावकाश की चुकायची वेळच येऊ नये. बरोबर आलं की हात उचलायचा, श्वास घ्यायचा, परत. चुकलं तर वेग आणखी कमी. सोपं वाटतं ना? करून बघा! डोकं म्हणतंय खाली, तोंड म्हणतंय खाली, आणि बोटं आपली निघाली वर, म्हैस सवयीनं गोठ्याकडे निघते तशी. मी त्यांना ओढून खाली आणायचो, ती परत वर. एके दिवशी तर मी त्या गॅरेजमध्ये पेटीवर डोकं टेकून बसलो होतो. पेटीतून आपोआप जो सूर निघाला, तोही चुकीचाच असणार.

पण खरं सांगतो, ती पद्धत लागू पडली. हळूहळू हात खाली यायला लागला. मग विचार न करता यायला लागला. मग असा यायला लागला की थांबेना. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलावर माझी बोटं ग रे सा, ग रे सा. मॅनेजरनं विचारलं, “मंदार, कुठे जायची घाई आहे का?” मी मनात म्हटलं, साहेब, मला घाई नाही, मी मुक्कामाला पोचलोय.

मग एक दिवस काय झालं, सई वरच्या खोलीत गुणगुणत होती. माझ्यासमोर ती गात नाही, पण दाराबाहेरून ऐकू येतंच. मी जिन्यातच थांबून कान दिला. सई ‘या’ वर नेत होती!

मी धावत केतकीकडे. “अगं, सई ध्रुवपद चुकतेय!”

“मला तर बरोबर वाटतं. रोज ट्रॅक लावून म्हणते ती.”

ट्रॅक लावून! झालं, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे काकांचं तेच रेकॉर्डिंग, आणि तिलाही शिट्टीच ऐकू येतेय. माझीच पोर. कुकरला सूर समजणं आमच्या रक्तातच.

“तिला सांगून येतो,” मी म्हटलं.

केतकीनं माझा शर्ट धरला. “खबरदार! मागे तू तिचं सायन्स प्रोजेक्ट ‘सुधारलंस’, तेव्हा आठवडाभर बोलत नव्हती. कार्यक्रम तोंडावर आलाय. तिचा कॉन्फिडन्स घालवू नकोस.”

तेही खरं होतं. मग मी ठरवलं, बोलायचं नाही, करून दाखवायचं. स्टेजवर ती जागा आली की मी भाता दाबून असा खणखणीत खाली येईन, की तिच्या कानात सूर शिरलाच पाहिजे. पोर चुकायच्या आत बाप तिला सावरेल. काय उदात्त बेत होता हो माझा!

तालमींना मी कधी गेलोच नव्हतो. अनघाताईच म्हणाली होती, “दादा, तुम्ही नका त्रास घेऊ, मुलं ट्रॅकवर करतायत, झकास बसलंय.” मला तर ते पथ्यावरच पडलं. तेवढाच वेळ गॅरेजमध्ये मिळतो! आदल्या दिवशी रंगीत तालीम होती, पण ज्या शाळेचा कॅफेटेरिया आम्ही कार्यक्रमाला भाड्यानं घेतो, तिचा स्वतःचाच काहीतरी इव्हेंट निघाला आणि तो मिळाला नाही. अनघाताईचा निरोप आला, “दादा, नो वरीज, डायरेक्ट स्टेजवर भेटू.”

भेटलो.

कॅफेटेरिया खचाखच. मागच्या टेबलांवर मोदकांचे ट्रे, मसालेभाताचा वास, पुढे खुर्च्या. पहिल्या रांगेत सिल्कचा झब्बा घालून लेलेकाका, शेजारी काकू. स्टेजवर पंधरा-वीस मुलं, वर परकर-पोलकी आणि झब्बे, खाली स्नीकर्स. मधोमध माइकपाशी आमची सई. मी पेटीमागे बसलो, पेटीलाही वेगळा माइक. सईनं माझ्याकडे पाहिलं आणि चक्क हसली, हळूच, इतरांना दिसणार नाही असं. मी हात हलवला नाही. जिवावर आलं, पण नाही हलवला.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ, वा! दुसरी ओळ सुरू, ‘बाप्पा, आमच्या…’ मी भात्यावर पंजा घट्ट केला, आणि ‘घरी या’ला पूर्ण ताकदीनिशी खाली उतरलो.

आणि सगळी मुलं वर गेली.

सगळी! एकजात! वर जिन्यावरून पोरं पळावीत आणि खाली तळघरात कपाट पडावं, तसा आवाज आला. मी हबकलोच. म्हटलं, अरे देवा, एका सईचं नाही हे, त्या कुकरनं तर अख्खी पिढी बिघडवली! आता ही जबाबदारी माझी. या पोरांना सुरात आणणारा इथे माझ्याशिवाय आहे कोण?

कडवं झालं. विंगेतून अनघाताई मला डोळे मोठे करून हातानं खुणा करत होती. वर, वर, वर! मी समजलो, आवाज वाढवा म्हणतेय. लगेच मान डोलावली, काळजी करू नकोस म्हणून.

दुसऱ्यांदा ‘घरी या’ आलं, तेव्हा मी भाता असा मारला की पेटी पुढे सरकली. खालीऽऽ! मुलं काय ऐकतात? इथली पोरं ती, माघार घेणं त्यांना शिकवलेलंच नाही. ती दुप्पट जोरात वर. लेलेकाकांच्या भुवया कपाळाच्या वर. मागून कुणीतरी म्हणालं, “अरे, पेटी बंद करा रे!” केतकी व्हिडिओ काढत होती, तिनं फोन हळूच पर्समध्ये ठेवला.

आणि मग मला सई दिसली. लालबुंद झाली होती. गात होती, पण नजर स्वतःच्या स्नीकर्सवर. तिनं सगळ्यांना सांगितलं होतं ना, माझा बाबा चांगला वाजवतो म्हणून! म्हटलं, खड्ड्यात गेलं ते सौंदर्यस्थळ आणि खड्ड्यात गेले लेलेकाका. पोरगी वर जातेय ना? मग बापही वर जाईल.

तिसरं ध्रुवपद. हात खाली निघाला होता, सवयीनं. मी तो अक्षरशः उचलला, ओढला आणि वर नेला. ग म प!

नेमकं त्याच वेळी सईनं मागे वळून सगळ्यांना हातानं खूण केली होती. फॉलो बाबा! आणि सगळी मुलं शहाण्यासारखी खाली आली.

माझी पोर मला वाचवायला खाली आली, मी तिला वाचवायला वर गेलो, आणि वाटेत आमची गाठ पडली नाही.

आता हॉल उघड उघड हसायला लागला. शेवटच्या ध्रुवपदाला मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. मुलांनी ते पेटीशिवाय म्हटलं. सई वर गेली, तिच्यामागे सगळी वर गेली, स्वच्छ, सुरेल, एका आवाजात. टाळ्यांचा नुसता कडकडाट! गाण्यात मी नव्हतो तेवढाच भाग लोकांना आवडला.

गाणं संपलं तसे लेलेकाका स्टेजवर आले, डोळ्यांत पाणी. मी उठलो. म्हटलं, आता काका मुलांना सांगतील की सूर खाली हवा होता, निदान सत्य तरी जगासमोर येईल. काकांनी अनघाताईचा हात हातात घेतला. “काय बसवलंयस गं! शेवटी मुलं वर जातात ते… मी खाली आणलं होतं. चुकलं माझं. बाप्पाला हाक मारायची ती मान वर करूनच! आजपासून हीच चाल.”

मग माझ्याकडे वळले. खांद्यावर हात ठेवला. फार मायेनं म्हणाले, “मंदार, थोडी प्रॅक्टिस कमी पडली हं.”

प्रॅक्टिस! कमी! मला! मी म्हणालो, “काका, तो कुकर…”

“कुठला कुकर?”

“काही नाही,” मी म्हटलं. आता काय सांगायचं त्यांना? की तुमच्या गाण्यातलं जे तुम्हाला सगळ्यात आवडलं, ते काकूंच्या कुकरनं रचलंय?

घरी येताना गाडी मी चालवत होतो, शेजारी केतकी. मागे सई खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मीच म्हटलं, “सई, मी बरोबर वाजवत होतो गं. ओरिजिनल चाल तीच आहे.”

“देन व्हाय डिडन्ट यू प्ले युअर ओन ट्रॅक?”

“माझा कुठला ट्रॅक?”

तिनं आईच्या फोनवरून लावला. गाडीच्या स्पीकरमधून पेटीचा आवाज आला. पेटी माझी, गॅरेज माझं, शेजारच्याचं कुत्रंसुद्धा मागे भुंकत होतं. ‘बाप्पा, आमच्या घरी…’ आणि सूर वर. ग म प. किती ठाम, किती विश्वासानं! कुणालाही वाटावं, या माणसाला सगळं येतं.

पट्टी बघायला म्हणून पाठवलेलं माझं ते रेकॉर्डिंग! काकांच्या रेकॉर्डिंगमध्ये भांड्यांचाच आवाज जास्त, म्हणून अनघाताईनं माझं पालकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, मुलांना घरी प्रॅक्टिस करायला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी तो म्यूट केलेला ग्रुप उघडला. ‘मंदारदादा, ट्रॅक अप्रतिम!’ ‘आमचा आर्यन रोज म्हणतो!’ बदाम, टाळ्या, नमस्कार. महिनाभर लोक माझं कौतुक करत होते आणि त्याच वेळी गॅरेजमध्ये मी त्या कौतुकाची मुळं उपटत बसलो होतो. आणि पोरांनी तरी कशी प्रॅक्टिस केली बघा! माझी चूक, पण माझ्यासारखी चुकत चुकत नाही, एकदम बिनचूक बसवली.

“सॉरी, सयू,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

सिग्नल सुटला, गाडी निघाली. मग मागून आवाज आला, “इट वॉज सो बॅड, बाबा.” आणि जरा थांबून, “बट द ट्रॅक इज गुड.”

इथे संपलं असतं तर मीही कधीतरी हसलो असतो. पण आमच्या मुलांचं गाणं शार्लटच्या मंडळाच्या कानावर गेलं. त्यांनी दिवाळीला बोलावलं. मला वाटलं, आता ट्रॅक लावतील आणि मी मागे बसून फराळ खाईन. तर आमच्या सईनं अनघाताईला परस्पर सांगितलं, पेटीवर बाबाच बसेल. का, विचाराल तर ते मलाही माहीत नाही. मी विचारलं, तर खांदे उडवून म्हणाली, “जस्ट प्ले इट लाइक द ट्रॅक. ईझी.”

ईझी!

मी मुग्धा मॅडमना गाठलं. “मॅडम, ती जुनी चूक मला परत बसवून द्या.”

“काका, ती चूक तुमची होती. मला कुठं येते ती?”

“पण पद्धत तर तुमचीच ना? तेवढाच तुकडा, हळू…”

“हो. पण आता हात शहाणा झाला ना तुमचा,” त्या म्हणाल्या, आणि नागपूरहून इथपर्यंत ऐकू येईल असा उसासा टाकला. “बसा आता. वेळ लागणार.”

तर मी हल्ली रोज गॅरेजमध्ये बसतो आणि चुकायची प्रॅक्टिस करतो. माझंच रेकॉर्डिंग लावतो, तोंडानं ग म प म्हणतो, सावकाश, अगदी सावकाश बोट वर नेतो, आणि ‘या’ आला की हात आपला अलगद खाली. ग रे सा. सुंदर, स्वच्छ, लेलेकाकांना हवं होतं अगदी तसं.

आणि दर वेळी आतलं दार उघडतं. सई डोकं बाहेर काढते, ऐकते, आणि अगदी हताश होऊन म्हणते, “बाबा, यू गॉट इट राइट अगेन.”